दोनदा बॅलन्सिंग, नवे क्रॉस, तरी थरथर: जुन्या एमजीबीतलं कंपन कसं शोधायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७० ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तारेची चाकं, ओव्हरड्राइव्हचा (त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी करणाऱ्या जादा गिअरचा) गिअरबॉक्स. ताशी ९० ते १०५ किलोमीटरच्या दरम्यान सीट, फ्लोअर आणि गिअरचा दांडा थरथरतो. स्टिअरिंग मात्र बऱ्यापैकी शांत असतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थरथर कमी होते. टायर नवे घातले, बॅलन्सिंग दोनदा केलं, प्रॉपेलर शाफ्टचे (प्रॉपशाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या अ‍ॅक्सलला नेणारा दांडा) दोन्ही क्रॉस, म्हणजे त्याच्या दोन टोकांचे वळते सांधे, बदलले, तरी फरक नाही. त्याआधी गेल्या वर्षी क्लच बदलला होता. आणि आता तुम्हाला गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलमधली, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) दोन्ही उघडायचा सल्ला मिळालाय.

अजून काहीही उघडू नका. आतापर्यंत जे झालं त्यात भाग बदलले गेले, पण एकदाही काही मोजलं गेलं नाही. बदललेला भाग म्हणजे तपासलेला भाग, असं आपण मनात धरून चालतो आणि तिथेच शोध भरकटतो. तुमच्या गाडीत माझा पहिला संशय आहे तो नेमका नव्या बसवलेल्या क्रॉसवर. का ते सांगतो, पण आधी थोडी आकडेमोड करू, कारण तिच्याशिवाय हा संशयही नुसता अंदाजच राहील.

गाडीत फिरणारी प्रत्येक वस्तू आपापल्या वेगाने फिरते आणि कंपन त्या वेगाची सही घेऊन येतं. एमजीबी चौथ्या गिअरमध्ये, ओव्हरड्राइव्हविना, इंजिनच्या दर १००० फेऱ्यांना ताशी साधारण २९ किलोमीटर चालते. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ३.९०९, म्हणजे चाकाच्या एका फेरीत प्रॉपशाफ्ट जवळजवळ चार वेळा फिरतो. यावरून ताशी ९० ला चाक मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्या घेतं, सेकंदाला तेरा-सव्वातेरा. प्रॉपशाफ्ट मिनिटाला ३१२५ च्या आसपास, सेकंदाला ५२. चौथा गिअर थेट असल्यामुळे इंजिनही तितकंच. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात, त्यामुळे इंजिनाचा मुख्य ठोका सेकंदाला १०४.

हे तीन आकडे शरीराला वेगवेगळे जाणवतात. सेकंदाला तेरा म्हणजे हादरे: मांड्या हलतात, आरशातलं चित्र डगमगतं, शेजारच्या सीटची पाठ हलताना दिसते. बावन्न म्हणजे झिणझिण: तळव्यांना, बुडाला आणि गिअरच्या मुठीला मुंग्या आल्यासारखं वाटतं, पण डोळ्यांना काही हलताना दिसत नाही. एकशेचार हा जवळजवळ आवाजच, पत्र्यातून येणारी घूं. तुमच्या वर्णनात गिअरचा दांडा थरथरतो असं आहे आणि स्टिअरिंग शांत आहे असंही आहे. म्हणजे पुढची चाकं बहुधा संशयातून सुटली. पण थरथर तेराची की बावन्नची, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. शेजारच्या सीटवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली ठेवा आणि सोबत बसलेल्याला बघायला सांगा. पाणी डचमळत असेल तर चाक. पाण्यावर नुसते बारीक तरंग उठत असतील तर शाफ्ट.

फोनवर कंपन मोजणारी अ‍ॅप्स आहेत, तीही कामाची आहेत, पण एक धोका लक्षात ठेवा. फोन सेकंदाला १०० वेळा नोंद घेत असेल तर ५० च्या वरचं कंपन त्याला खरं दिसू शकत नाही. तो गप्प बसत नाही, खोटा, कमी आकडा दाखवतो. तुमचा संशयित नेमका बावन्नला उभा आहे. अ‍ॅपमध्ये नोंदींचा वेग बघून घ्या; तो निदान २०० असल्याशिवाय आकड्यावर विसंबू नका. वेगासाठी जीपीएस वापरा, पन्नास वर्षांच्या स्पीडोमीटरवर ही आकडेमोड करता येत नाही.

आता तुमच्या गाडीतली सर्वात मोठी सोय: ओव्हरड्राइव्ह. हे इतकं नामी तपासयंत्र आहे की ज्यांच्या गाडीत ते नाही त्यांची मला काळजी वाटते. मोकळा, सपाट, सरळ रस्ता बघा. ज्या वेगाला थरथर सर्वात जास्त तो वेग धरा, समजा ९५. चौथ्यात चालताना बटण दाबून ओव्हरड्राइव्ह लावा आणि वेग तोच ठेवा. इंजिनाच्या फेऱ्या ०.८२ पटीवर येतात, ३३०० वरून २७०० वर. चाक आणि प्रॉपशाफ्ट मात्र होते तिथेच राहतात. थरथर जशीच्या तशी राहिली तर इंजिन, क्लच, फ्लायव्हील, पंखा हे सगळे एका झटक्यात निर्दोष ठरले. थरथर गेली किंवा तिचा पोत बदलला, तर क्लचचं काम पुन्हा बघावं लागेल. मग ओव्हरड्राइव्ह काढून तिसऱ्यात जा, त्याच वेगाला. इंजिन ४५०० च्या पुढे जाईल. थोडा वेळ चालतं. निष्कर्ष तोच निघायला हवा. दोन्ही चाचण्या जुळल्या तरच पुढे जा.

अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर थरथर कमी होते, यावरून लोक घाईने इंजिनावर ठपका ठेवतात. एमजीबीत मागचा अ‍ॅक्सल फक्त स्प्रिंगच्या पाट्यांवर धरलेला आहे; त्याला आवरणारे वेगळे दांडे नाहीत. जोर दिला की पाटे पिळतात आणि पिनियनचं (प्रॉपशाफ्ट फिरवतो त्या, अ‍ॅक्सलमधल्या छोट्या दातेरी चाकाचं) नाक वर उचललं जातं. सोडला की ते खाली येतं. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरबरोबर क्रॉसचे कोनही बदलतात, क्रॉसवरचा भारही बदलतो. जोर दिल्यावर वाढणारी थरथर प्रॉपशाफ्टकडेही तितकंच बोट दाखवते. चाकातला दोष याउलट सहसा असा भेद करत नाही. त्याला गाडी ओढली जातेय की ढकलली जातेय याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून ताशी १०५ ला न्यूट्रल करा, इंजिन आयडलवर येऊ द्या, पण बंद करू नका, आणि गाडीला नुसतं ८० पर्यंत घरंगळू द्या. थरथर पूर्ण गेली, थोडी उरली, की तशीच राहिली, हे लिहून ठेवा. स्मरणावर सोडू नका.

आता नव्या क्रॉसकडे येतो. चाकाच्या रिमवर २० ग्रॅमचा फरक राहिला तर ताशी ९० ला तो सुमारे २५ न्यूटनचा, म्हणजे अडीच किलोच्या वजनाएवढा धक्का देतो, प्रत्येक फेरीला. हे आपल्याला पटतं, कारण आपण बॅलन्सिंग करून घेतो. पण आता प्रॉपशाफ्टचं बघा. त्याच्या एका टोकाकडे ३ किलो भार येतो असं धरू. ते टोक खऱ्या मध्यापासून फक्त ०.२ मिलिमीटर सरकलं, तर त्याच वेगाला धक्का निघतो ६० न्यूटनच्या वर, सहा-साडेसहा किलोचा, आणि तोही सेकंदाला ५२ वेळा. ०.२ मिलिमीटर म्हणजे दोन कागदांची जाडी. धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो आणि शाफ्ट चाकाच्या चौपट फिरतो, म्हणून इथे कागदाएवढी चूकही भारी पडते.

आणि हे दोन कागद येतात कुठून? क्रॉस व्हाइसमध्ये दाबून किंवा हातोडीने ठोकून बसवताना. क्रॉसच्या टोकांवरचे चारही कप (आत बेअरिंगच्या सुया असलेल्या टोप्या) समान खोलीवर बसले नाहीत, एका बाजूचं सर्क्लिप (कप जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) खाचेत पूर्ण शिरलं नाही, दोन बाजूंच्या सर्क्लिपची जाडी वेगळी निघाली, किंवा कपातली एखादी सुई आडवी पडून तळाशी अडकली, की क्रॉस एका बाजूला सरकून बसतो. वरून बघाल तर सगळं नवं, चकचकीत, ग्रीस भरलेलं. हातानं हलवाल तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, शून्य. प्ले नसणं म्हणजे क्रॉस मध्यावर असणं नव्हे.

तपासायचं असं. शाफ्ट सोडवून हातात घ्या आणि प्रत्येक क्रॉस दोन्ही अक्षांत फिरवून बघा. दोन्हीकडे तो सारखाच, किंचित ओढ देत, गुळगुळीत हलायला हवा. एका दिशेला मोकळा आणि दुसऱ्या दिशेला कडक असेल, किंवा मधे अडकल्यासारखा वाटत असेल, तर उघडून पुन्हा बसवा. ज्या बाजूला कडक असेल तिथे योकच्या (क्रॉस ज्यात बसतो त्या दुबेळक्या तुकड्याच्या) कानावर, कपावर नव्हे, मऊ हातोडीने एकच हलका ठोका दिला तर कप सर्क्लिपला टेकतो आणि कडकपणा जातो, असं अनेकदा होतं. चारही सर्क्लिप भिंगातून बघा. व्हर्नियरने कपाच्या तोंडापासून योकच्या बाहेरच्या कडेपर्यंत समोरासमोर मोजा. दोन्ही बाजूंत ०.१ पेक्षा जास्त फरक दिसला तर मी तो क्रॉस तसा सोडत नाही.

शाफ्ट हातात आहे तोवर त्याची सरकती जोडणी बघा. शाफ्ट लांबीला कमी-जास्त व्हावा म्हणून स्प्लाइनवर (एकमेकांत सरकणाऱ्या लांब दातांवर) दोन तुकड्यांत असतो. हे तुकडे वेगळे करून परत घालताना एक-दोन दात जरी इकडेतिकडे झाले, तरी दोन टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत. क्रॉसचा जोड कोनात फिरताना प्रत्येक फेरीत दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा घटवतो. पुढच्या जोडाने केलेली ही चढउतार मागच्या जोडाने खोडून काढायची, अशी सगळी रचना आहे. योक एका रेषेत नसले तर ती खोडली जात नाही. बहुतेक शाफ्टांवर दोन्ही तुकड्यांवर बाणाच्या खुणा असतात. गंजाखाली किंवा रंगाखाली लपलेल्या असतात, तारेच्या ब्रशने घासून शोधा. खूण सापडली नाही तर शाफ्ट सपाट टेबलावर ठेवा, दोन्ही योकांच्या भोकांतून सरळ सळया घाला आणि सळया समांतर आहेत का ते टोकाकडून एका डोळ्याने बघा. या चुकीची थरथर फेरीला दोन, म्हणजे सेकंदाला १०४ येते; चौथ्या गिअरमधल्या इंजिनाच्या ठोक्याशी ती तंतोतंत जुळते. इथेही ओव्हरड्राइव्हच दोघांना वेगळं करून दाखवतं.

मग फ्लँज, म्हणजे शाफ्टचं टोक बोल्टने जिथे जोडलं जातं ती चकती. एमजीबीत क्लच बदलायला इंजिन काढावं लागतं आणि पुष्कळ जण इंजिन-गिअरबॉक्स एकत्रच बाहेर घेतात. म्हणजे गेल्या वर्षी प्रॉपशाफ्ट सुटला असण्याची शक्यता मोठी. नंतर क्रॉससाठी तो पुन्हा सुटला. सोडताना शाफ्ट आणि फ्लँजवर पंचाने खूण केली होती का, हे विचारून घ्या. नसेल तर शाफ्ट आता फ्लँजवर मूळच्या जागी आहे की नाही, हे कुणालाच माहीत नाही.

माझ्याकडे अशीच एक एमजीबी आठ आठवडे उभी होती. बॅलन्सिंग, क्रॉस, माउंटिंग, सगळं करून झालेलं. शेवटी मागचा फ्लँज सोडला आणि नखाला काहीतरी लागलं: अ‍ॅक्सल रंगवताना रंगाचा एक ओघळ पिनियन फ्लँजच्या मधल्या उंचवट्यावर वाळून बसला होता. प्रॉपशाफ्टचं टोक ज्या गोल उंचवट्यावर नेमकं मध्यावर बसायचं, तिथेच तो रंग. शाफ्ट किंचित एका बाजूला आणि किंचित तिरका आवळला गेला होता. पात्याने खरवडून, स्वच्छ पुसून परत आवळला आणि त्या संध्याकाळी ती गाडी ताशी ११० ला चालवताना माझ्या हाताला काहीच जाणवलं नाही. तेव्हापासून मी कुठलाही फ्लँज जोडण्याआधी दोन्ही तोंडांवरून बोट फिरवतो. तुम्हीही फिरवा. रंग, गंज, धातूचे बारीक कंगोरे, काहीही चालत नाही. आणि बोल्ट मूळ मापाचेच हवेत. हाताला लागतील ते बोल्ट घालू नका.

सगळं स्वच्छ करून जोडल्यावरही थरथर उरली तर मागचा फ्लँज अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश फिरवून जोडा आणि पुन्हा रस्त्यावर न्या. शाफ्टचा थोडा दोष आणि पिनियन फ्लँजचा थोडा दोष एका बाजूला आले तर त्यांची बेरीज होते, समोरासमोर आले तर वजाबाकी. फरक पडला, बरा किंवा वाईट कसाही, तर तुम्ही योग्य जागी पोहोचला आहात. यानंतर शाफ्ट बॅलन्सिंगच्या यंत्रावर द्यायला हरकत नाही. तशी सोय नसेल तर पाइपला लावतात ते स्क्रूचे पट्टे वापरता येतात: शाफ्टच्या मागच्या टोकाजवळ एक पट्टा बसवा, त्याच्या स्क्रूचं डोकं हेच वजन. रस्त्यावर न्या, मग पाव फेरी सरकवा, पुन्हा न्या. चारपैकी एका जागी थरथर सर्वात कमी असेल. पट्टा फ्लोअरला किंवा हँडब्रेकच्या केबलला घासत नाही ना, हे दर वेळी हाताने फिरवून बघा.

गाडी उचलून तपासणार असाल तर मागचा अ‍ॅक्सल स्टँडवर टेकवा, बॉडी नव्हे. अ‍ॅक्सल लोंबकळला की क्रॉसचे कोन रस्त्यावरच्यापेक्षा वेगळे होतात आणि जे दिसतं ते खोटं असतं. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडकण लावा. मागची चाकं काढा, ड्रम त्यांच्या नटांनी पक्के आवळलेले आहेत याची खात्री करा आणि चौथ्यात इंजिन ३२०० पर्यंत न्या. चाकं नसतानाही थरथर आली तर चाकांचा विषय संपला. एकच चाक उचलून ही चाचणी कधीही करू नका: डिफरन्शियलमुळे ते एक चाक दुप्पट वेगाने फिरतं. गाडी सुरू असताना खाली कुणीही वाकायचं नाही, गाडीच्या मागे किंवा चाकाच्या रेषेत उभंही राहायचं नाही. यावर मी अजिबात तडजोड करत नाही.

चाकांबद्दल तुमच्या बाबतीत थोडंच, पण तारेची चाकं आहेत म्हणून सांगायलाच हवं. दोनदा झालेलं बॅलन्सिंग दोन्ही वेळा चुकीचं असू शकतं. तारेचं चाक हबवर आतल्या बाजूच्या तिरक्या कडेवर आणि बाहेरून नटाच्या तिरक्या कडेवर बसतं. बॅलन्सिंगच्या यंत्रावरही ते या दोन कडांवरच धरलं पाहिजे, त्यासाठी वेगळे शंकू मिळतात. साध्या चाकाचा शंकू एका बाजूने दाबून धरलं तर चाक यंत्रावर वाकडं बसतं. यंत्र वाकड्या बसण्याचं बॅलन्स करून देतं आणि गाडीवर ते वजन उलटं काम करतं. खातरजमा सोपी आहे: बॅलन्स झालेलं चाक यंत्रावरून काढून, थोडं फिरवून परत लावायला सांगा. आकडा बदलला तर धरणंच चूक. शिवाय बॅलन्स झालेला टायर गोल असतोच असं नाही. चाक हवेत फिरवून रिमजवळ आणि टायरच्या माथ्याजवळ एक सळई स्थिर धरा. माथ्याला दीड मिलिमीटरच्या वर चढउतार दिसला तर वजनं लावून तो दोष जात नाही. तारा पान्याने एकेक वाजवून बघा. घट्ट तार टणकन वाजते, सैल तार बदकन.

एक खूण मात्र जरूर तपासा, कारण ती फार कमी लोक सांगतात. थरथर दहा-पंधरा सेकंदांत वाढते, विरते, पुन्हा वाढते, आणि एखाद्या मोठ्या वळणानंतर तिचा जोर बदलतो, असं होतं का? होत असेल तर दोन्ही मागच्या चाकांत दोष आहे. दोन टायरांचा घेर अर्धा टक्का वेगळा असला तरी त्यांचे ठोके कधी एकत्र पडतात, कधी एकमेकांना खोडतात, आणि ताशी ९० ला हे चक्र सुमारे पंधरा सेकंदांचं निघतं. प्रॉपशाफ्ट असा श्वास घेत नाही.

ओव्हरड्राइव्हच्या चाचणीत बोट इंजिनाकडे वळलं तरच क्लचकडे जा. तेव्हा उभ्या गाडीत ३३०० पर्यंत नेऊन बघा, आधी क्लच सोडलेला, मग दाबलेला. दाबल्यावर थरथर गेली तर क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट. राहिली तर फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, पंखा, पुलीचा रबर, इंजिनाचं माउंटिंग. आणि एक्झॉस्ट पाइप कुठे बॉडीला टेकत नाही ना, हे हात घालून बघा. टेकत असेल तर साधं निरोगी इंजिनही आजारी वाटतं.

डिफरन्शियलची पाळी या सगळ्यानंतर, तीही एकाच पुराव्यावर. प्रॉपशाफ्ट सोडल्यावर डायल गेज (सूक्ष्म हालचाल सुईने दाखवणारं मापयंत्र) पिनियन फ्लँजच्या तोंडावर आणि मधल्या उंचवट्यावर लावा आणि फ्लँज हाताने सावकाश एक फेरी फिरवा. सुई ०.१ मिलिमीटरच्या आत राहिली तर तिथे मला दोष दिसत नाही. जास्त हलली तर फ्लँज वाकडा आहे, की पिनियनचं बेअरिंग सैल झालंय, हे फ्लँज वर-खाली उचलून कळतं. मात्र पिनियनचा मोठा नट सैल करून फक्त जोरात आवळून टाकायचा नाही. तुमच्या १९७० च्या अ‍ॅक्सलमध्ये बेअरिंगांच्या मधे चिरडून माप घेणारा स्पेसर आहे. नट जास्त आवळला की बेअरिंगवरचा दाब वाढतो आणि आज शांत असलेला अ‍ॅक्सल काही महिन्यांत रडायला लागतो. फ्लँज बदलायचाच झाला तर स्पेसर नवा घाला आणि पिनियन फिरवायला लागणारा जोर आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजून घ्या.